बोरीभोवतीचे वळण

दिंग रुईशिया. जन्म १९६९, मृत्यू २०२१. राहणार छांगचौ, पूर्व वेशीबाहेरची वस्ती. व्यवसाय तालुक्याच्या शाळेत व्यायामशिक्षिका. तिच्या नावावर एकही पदक नाही. वूशू या चिनी युद्धकलेच्या प्रांतिक संघात तिची निवड झाली नाही. ती का झाली नाही आणि त्यातून पुढे काय उद्भवले, हे एकाच दिवसाच्या हकिकतीत येते. तो दिवस १९८७ च्या हिवाळ्यातला.

दिंगांच्या मुसलमान घरात भाल्याची विद्या पिढीजात होती. वडील दिंग छांगश्वान यांनी मुलीला ती अंगणातच शिकवली. प्रांतिक संघात भाल्याची एक जागा रिकामी झाली, तेव्हा इच्छुक मुलींनी एक दिवस संघाबरोबर सराव करावा आणि संध्याकाळी निकाल लागावा, असे ठरले होते. रुईशिया आदल्या दिवशीच्या बसने संघाच्या सरावकेंद्रावर आली. लाल गोंड्याचा भाला तिने जुन्या चादरीत गुंडाळून आणला होता, आणि खाणावळीत आपल्याला चालेल असे काही मिळेल की नाही या शंकेने आईने भाजलेल्या तिळाच्या पोळ्याही.

पहाटे मैदानावर कडक हीव पडले होते. मुली धावत होत्या आणि कोणी कोणाशी बोलत नव्हते. मग सभागृहात भिंतीच्या दांडीवर पाय टाकून ताण देणे सुरू झाले. शेजारच्या मुलीच्या दोन्ही घोट्यांना पट्ट्या होत्या. तिने कपाळ सरळ गुडघ्याला टेकवले आणि तशाच अवस्थेत विचारले, "छांगचौची ना तू? भाला?"

"हो."

"मी सू वनजिंग. मीही भाला. घाबरू नकोस, माझी जागा नाही रिकामी झालेली."

दांडी झाल्यावर लाथांच्या रांगा लागल्या. गालिच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. पायाचा तळवा हातावर आपटल्याचा आवाज सभागृहभर एका तालात घुमत होता. रुईशियाच्या लाथा कोणाहून कमी नव्हत्या. पण प्रत्येक फेरीला तिचा जीव पुढच्या फेरीत अडकलेला असे. प्रशिक्षिका लु बाई टाळी वाजवत, आणि त्या टाळीत पसंती आहे की नापसंती, एवढेच ती शोधत राही. दुपारी तिला एक पोळीसुद्धा संपवता आली नाही.

"खा गं," वनजिंग म्हणाली. "उपाशीपोटी भाला हलका नाही होत, हात जड होतात."

"बाई काही बोलल्या का माझ्याबद्दल?"

"बाई कुणाबद्दलच बोलत नाहीत. चार वर्षं झाली, माझ्याबद्दल काय वाटतं तेही मला अजून माहीत नाही."

जेवणानंतर तिला गालिच्यावर बोलावले. रुईशियाने सलामी दिली आणि सुरुवात केली. भाला रोखणे, फिरवणे, दाबणे, सगळे स्वच्छ होते. मधल्या लांब धावेत मात्र तिची पावले गालिच्याच्या मध्यावर एकाएकी डावीकडे झुकली, कशाला तरी वळसा घालून गेली आणि मग पुन्हा सरळ झाली. दुसऱ्यांदा धाव आली, पुन्हा तेच.

दांडीकडून हशा उसळला. "अगं, कुणाला प्रदक्षिणा घालते ही?"

"देव बसवलाय वाटतं मध्ये!"

लु बाई हसल्या नाहीत. "पुन्हा कर."

तिने पुन्हा केले, आणि पुन्हा तिथेच वळली. आता तिलाही ते जाणवले, आणि कानापर्यंत रक्त चढले.

"बाई, आमच्या अंगणात बोरीचं झाड आहे. बरोबर मध्ये."

या वेळी सभागृहभर हसू पसरले. लु बाईंनी हात वर करून ते थांबवले. "इथं बोर नाही. दिवे लागायच्या आधी मी पुन्हा बघणार आहे. तोवर झाड काढून टाक."

उरलेली दुपार रुईशियाने एका कोपऱ्यात काढली. मध्यभागी संघाचा सराव चालू होता. मुली उड्या घेत होत्या, पडत होत्या, उठून पुन्हा तीच उडी घेत होत्या. तिला मात्र सरळ चालणे जमेना. सक्तीने सरळ गेली तर कंबर आखडे, भाल्याचे टोक मरगळून जाई, गोंडा उघडतच नसे. त्या वळणात कंबरेला जो पीळ बसत होता, त्याच्यावरच पुढचा सगळा वार उभा होता, हे तिच्या ध्यानात आले तेव्हा तिला अधिकच अस्वस्थ वाटले. मुळात हे वळण विद्येतले होते की झाडामुळे आलेले? काढायचे ते नेमके काय? बाबांना विचारायचे तर बाबा दूर होते आणि खिडकीतला उजेड कमी होत होता.

वनजिंग घाम पुसत आली. "मी तुझ्यासमोर उभी राहते. सरळ माझ्यावर ये."

"लागेल तुला!"

"लागलं तर बाजूला होईन. ये!"

रुईशिया आली. पावलांनी तिला फसवले. ती वनजिंगलाही वळसा घालून गेली, आणि तिच्या पाठीमागून भाला असा झेपावला की गोंडा फुलासारखा उघडला.

वनजिंग जागच्या जागी वळली. हसणे विसरून म्हणाली, "हे कसं केलंस? मला दाखव."

आणि रुईशियाने दाखवले. पाऊल कुठे आत घ्यायचे, कंबर कधी थोपवायची, कधी सोडायची. घरची विद्या वडिलांच्या परवानगीवाचून बाहेर देऊ नये, हा नियम तिला लहानपणापासून ठाऊक होता. पण दिवसभरात कोणीतरी पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागितले होते.

दिवे लागण्यापूर्वी लु बाईंनी बोलावले. रुईशिया सरळ गेली. कुठेही झुकली नाही. भाला मात्र शेवटपर्यंत निर्जीव राहिला.

"झाड गेलं," लु बाई म्हणाल्या, "पण त्याच्याबरोबर तुझा भालाही गेला. जागा दुसऱ्या मुलीला देते आहे. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणणार नाही, वाटेलच."

घरी परतल्यावर तिने वडिलांना दोन्ही गोष्टी सांगितल्या: निवड झाली नाही ही, आणि वळण दिले हीसुद्धा. पहिली त्यांनी जेवता जेवता ऐकली. दुसरीवर त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"कुणाला दिलंस?"

"सू वनजिंग. संघातली आहे. बाबा, ते वळण आपल्या विद्येतलं आहे, की बोरीमुळं?"

"माझ्या बाबांना मी हेच विचारलं होतं. ते म्हणाले, आधी नीट वळ, मग विचार." वाटी पुन्हा उचलून ते म्हणाले, "तिला बोलाव. घेतलंय तर रीतसर घेऊ दे."

वसंतात वनजिंग आली. तोवर त्या वळणासह तिने प्रांतिक स्पर्धा जिंकली होती, त्यामुळे ती आली तीच मान खाली घालून. गुडघे टेकायला निघाली, तर दिंगांनी तिला अडवले; त्या घरात माणसापुढे कोणी गुडघे टेकत नाही. तिने दोन्ही हातांनी चहा पुढे केला. त्यांनी तो प्यायला, आणि नाते ठरले: वनजिंग वयाने व कीर्तीने मोठी असूनही रुईशियाची धाकटी गुरुबहीण झाली.

"एक अट आहे," दिंग म्हणाले. "एका तरी माणसाला हे याच अंगणात परत शिकवायचं. दुसरीकडं कुठं शिकवलंस तर ते मोजणार नाही."

"शिकवीन, गुरुजी."

"या झाडाभोवती."

"या झाडाभोवती."

दिंग छांगश्वान वारले, वळणाचे उत्तर न देताच. रुईशियाने शाळेत मुलांना भाला शिकवला. मोकळ्या मैदानावर तिची मुले सरळ धावत, आणि त्यांना वळायला सांगावे की नाही, याचा निर्णय तिला अखेरपर्यंत करता आला नाही. कधी सांगे, दुसऱ्या दिवशी पुसून टाके. वनजिंग दक्षिणेत प्रशिक्षिका झाली, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, येणे लांबत गेले. दर शरदात तिचा फोन मात्र येई.

"बोरं लागली का गं ताई?"

"लागली. तू कधी येतेस?"

"येते. या वर्षी नक्की येते."

रुईशिया २०२१ मध्ये गेली. त्या शरदात फोन तिच्या मुलीने उचलला. बोरे लागली होती. आई गेल्याचेही तिने सांगितले. मग वनजिंगने विचारले की अंगणात भाला धरणारे अजून कोणी आहे का. मुलीने सांगितले, आहे. झाड उभे आहे आणि वनजिंगचे शिकवणे अद्याप राहिले आहे.