बाईच्या मापाचा सदरा

सरांचं बोलणं आम्ही सगळ्यांनी लिहून घेतलं. गौतमी शेंडेनं ते खरं मानलं. तिचं पुढं जे झालं ते तिथूनच सुरू झालं, असं माझं मत आहे, आणि कुणी विचारलं नसलं तरी मी ते सांगणार आहे.

साल शहाऐंशी. ब्रह्मपुरीत आम्ही दोघी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षी दर शनिवारी नागपूरहून एक सर यायचे आणि उद्योजकतेचा वर्ग घ्यायचे. सफारी सूट, हातात ब्रीफकेस, आवाज पुढाऱ्याचा. "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा," असं म्हणाले की पहिल्या बाकावरची मुलं टाळ्या वाजवायची. त्यांच्या घरच्या राइस मिल होत्या, त्यांना टाळ्या वाजवायला काय जातं? सरांनी सांगितलं, प्रत्येकानं एक धंदा आखायचा. आधी गरज शोधा, मग गिऱ्हाइकाला जाऊन विचारा, आणि मगच माल बनवा. मुलींनी पापड, लोणची, मसाले लिहिले. माझ्या अब्बांचं, अयूब टेलरचं, बस स्टँडजवळ शिलाईचं दुकान होतं, म्हणून मी 'ब्लाऊज शिलाई' लिहून मोकळी झाले. गौतमीनं लिहिलं, शेतात राबणाऱ्या बायांसाठी सदरे.

आमच्या झाडीपट्टीत रोवणी असो की कापणी, बाई लुगड्यावरून पुरुषाचा जुना सदरा चढवते तेव्हाच बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरते. उन्हानं हात भाजत नाहीत, धानाच्या पातीनं चिरत नाहीत. पण तो सदरा पुरुषाचा. खांदे ओघळलेले, छातीवर बटण लागत नाही, बाह्या बोटांवर येतात आणि चिखलात भिजतात. सगळ्या बाया ते जन्मभर सोसतात. गौतमी म्हणाली, मी बाईच्या मापाचा शिवीन. सरांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं आणि वर्गाला सांगितलं, याला म्हणतात गरज ओळखणं.

तिची स्वतःची गरज सरांना ठाऊक नव्हती. तिचं गाव वैनगंगेकडं, बसनं तासाभरावर. वडील डोमाजी लाकूड डेपोवर मजूर होते, ते चार वर्षांपूर्वी वारले. आई बायनाबाईनं मजुरीवर तिला इथवर शिकवलं, पण त्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला आणि हात वर जाईना. घरात दोन पोटं आणि एकच हात, तोही डावा. गौतमीचा काका देवाजी वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. तो रोज आपल्या घरचा भात या दोघींकडं पाठवायचा. त्यानं शांतपणे सांगितलं, "पोरी, तुही माय एकटी कुठवर राबून मरन? धान कापनीले लागेपर्यंत मी पाह्यतो. तुहा धंदा चालला त शीक. नाई चालला त इळा धर."

म्हणजे सदरे खपले तर कॉलेज, नाही तर विळा. गौतमी वर्गात कधी हात वर करायची नाही, पण एकदा बसची वाट पाहताना मला म्हणाली, "जमीला, कॉलेज सुटलं त मी जित्ती राहीन, पन मग का करू जित्ती राहून?" मी तिला गप्प बस म्हटलं. अशा बोलण्यानं माझं डोकं फिरतं.

रोवणीत आम्ही दोघी गिऱ्हाइकाला विचारायला गेलो. ती गुडघाभर चिखलात उतरली, मी चपला हातात घेऊन बांधावर. टोळीची पुढारीण मीराबाई, आवाज असा की पलीकडच्या गावची बैलं थांबावीत. गौतमीनं तिच्या पाठीला टेप लावला तसा ओळीत हशा पिकला. "माय वो, बाईच्या मापाचा सदरा! मले त दोन पायजे!" मीराबाई म्हणाली. मग कुणी म्हणे मले एक, कुणी म्हणे माह्या सुनेलेही घेजो. आतून तंबाखूसाठी खिसा पाहिजे, बाही मनगटाला बटणाची पाहिजे, वाकलं की पाठीत ताणू नये, असं सगळं त्यांनीच सांगितलं. एकही बाई नाही म्हणाली नाही. परत येताना गौतमी बसमध्ये इतकी हसत होती की कंडक्टरनं विचारलं, लग्न जमलं का बाई?

बायनाबाईनं दोन्ही बकऱ्या विकल्या. अब्बांनी नागपूरहून निळ्या चौकटीचं कटपीस आणलं, जाड आणि पक्क्या रंगाचं. पोळ्यापासून आमच्या दुकानात कॉलेज सुटल्यावर तिचं मशीन सुरू व्हायचं. काजं मी केली, बटणं अम्मीनं लावली. अब्बा तर एवढे रंगात आले की दुकानाच्या पाटीवर आणखी एक नाव मावतं का, ते लांबून मान वाकडी करून पाहायचे. पस्तीस-चाळीस सदरे झाले. ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांच्या गावचा ट्रक गेला, सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसून गेल्या. गौतमी गेली नाही, ती काखेच्या शिवणी दुहेरी करत बसली.

मग आठवडी बाजार आला. आम्ही ताडपत्री अंथरून सदरे मांडले. बाया आल्या, कापड चुरगाळून पाहिलं, लुगड्यावरून घालून पाहिलं, एकमेकींकडं बघून पोट धरून हसल्या आणि घडी करून परत ठेवून दिलं. "चांगला हाये वो माय," म्हणाल्या आणि तंबाखू घ्यायला गेल्या. मीराबाईनं आम्हाला लांबून पाहिलं आणि मिरच्यांच्या दुकानामागं वळली. एक म्हातारा आला, त्याला सदरा हवा होता, पण तो त्याच्या पाठीत बसेना. दिवसभरात तेवढंच एक गिऱ्हाईक आलं आणि तेही नेमकं पुरुष. गौतमीनं भाव उतरवला, मग आणखी उतरवला. संध्याकाळी आम्ही गाठोडं जसंच्या तसं बांधलं.

दुसऱ्या बाजारी तेच. तिसऱ्या बाजारी मी चिडले आणि गौतमीला ओढत मीराबाईच्या घरी नेलं. "तुम्हीच दोन मागितले होते ना? मग आता लपता कशाला?"

मीराबाईनं आधी आम्हाला चहा दिला. मग खाली बसून, तिच्या मानानं हळू आवाजात बोलली. "पोरी, तू एवढ्या हौसेनं इचारलं, तुले नाई कोन म्हनन? पन मी नवा सदरा घालून बांधीत उतरली त लोकं का म्हनतीन? झिंगूनं आपला सदरा नाई देल्ला. घरात भांडन झालं, नाई त त्यानं दुसरी पाह्यली. नवऱ्याचा सदरा अंगावर आहे म्हंजे घरी मानूस आहे. ते समद्यायले दिसाले पायजे ना."

तिचा नवरा झिंगू दारात विडी पीत बसला होता. त्याच्या अंगात बनियन होतं.

मी गौतमीकडं पाहिलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. पण तिचे डोळे चमकले, आणि तेच मला भयंकर वाटलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मंग ज्यायच्या घरी मानूस नाई, त्यायले पायजे असन."

"गौतमी, ऐकतेस का तू काय बोलतेस?"

"सर म्हनले ना, गिऱ्हाईक बदलून पाह्य."

आणि ती गेली. विधवांच्या, टाकलेल्या बायांच्या दारोदार गेली. एकटीच गेली, कारण मी जायला नाही म्हटलं. एका बाईनं दार लावून घेतलं. दुसरीनं सदरा हातात घेतला, खूप वेळ पाहिला आणि म्हणाली, "हा घातला त समद्या शेतात ओरडून सांगतल्यासारखं होईन." तिसरी नुसती रडली. गौतमीनं हे मला सांगितलं तेव्हा ती त्या बायांसाठी रडत नव्हती. धान पिवळं पडायला लागलं म्हणून रडत होती.

आता एकच बाई उरली होती. गौतमी आईला म्हणाली, "तू तरी घाल. तू घातला त बाकीच्या घालतीन." बायनाबाई दरवर्षी डोमाजीचा डेपोवरचा मळकट खाकी सदरा घालायची, कोपरांना ठिगळं लावून. ती म्हणाली, "तुह्या बापाचा फाटन तवा पाहू." गौतमीनं समजावलं, मग विनवणी केली, मग ओरडली. शेजारी देवाजीला ऐकू गेलं. बायनाबाई चुलीत लाकूड सरकवत राहिली.

कापणी लागायच्या आदल्या दिवशी गौतमी आमच्या दुकानात आली आणि एक घडी केलेला जुना सदरा माझ्या हातात दिला. "राहू दे तुह्याजवळ." रफूला असेल म्हणून मी तो फळीवर ठेवून दिला. तिचा चेहरा ठीक नव्हता, पण त्या दिवसांत तो कधीच ठीक नसायचा.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या बसनं ती परत आली. धापा टाकत, पायात चपला नाहीत. "सदरा दे." मी दिला. तिथंच, अब्बांच्या कापण्याच्या टेबलाला धरून तिनं सांगितलं.

सकाळी बायनाबाईनं डोमाजीचा सदरा शोधला. पेटीत पाहिला, दोरीवर पाहिला, खाटेखाली वाकून पाहिला. खाटेवर नवा निळा सदरा उलगडून ठेवलेला होता, तो तिनं पाहिला. काही विचारलं नाही. विळा घेतला आणि नुसत्या चोळीवर शेतात गेली. टोळीतली ती एकटी उघड्या हातांची. दिवसभर धान कापलं, पेंढ्या बांधल्या, दुखऱ्या खांद्यावर भारे वाहिले. सांजेला आली तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही हात चिरले होते, जागोजाग रक्त सुकलं होतं. तशीच ती भात लावायला बसली. गौतमी तेलाची वाटी घेऊन जवळ गेली तर हात पुढं करून म्हणाली, "कापला असशीन त कापला, मी नाई भांडत. चिंध्या तेवढ्या दे माय, गोधडीत घालीन."

"जमीला, तिले वाटलं मी तो कापला," गौतमी म्हणाली. "आन खरं सांगू? कापासाठीच आनला होता मी. घरी कैची चालली नाई म्हनून इथी आनला. तू इचारलं असतं त तुह्यासमोरच कापला असता." मग ती त्या सदऱ्यात तोंड घालून अशी रडली की अब्बा उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले. त्या रात्री ती आमच्याकडंच राहिली आणि पहिल्या बसनं गावी गेली.

शनिवारी ती वर्गात आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. सर म्हणाले, त्या सदरेवाल्या मुलीला बोलवा, तिची योजना सगळ्यात चांगली आहे, तालुक्याच्या कार्यक्रमात मांडू. म्हणून रविवारी मी तिच्या गावी गेले.

बांधीत ओळ लागली होती. मळके, पांढरे, खाकी, पुरुषी सदरे ओळीनं वाकलेले आणि मध्ये एकच निळ्या चौकटीचा, गौतमीचा. तिच्या शेजारी बायनाबाई डोमाजीच्या सदऱ्यात होती. मला पाहताच मीराबाई ओरडली, "ये वो जमीलाबाई! पाह्य, बसला का नाई मापात!" सगळी ओळ हसली. गौतमीही हसली, आणि ते हसणं मला सोसवलं नाही. मी बांधावरून सरांचा निरोप सांगितला. मोठ्यानं सांगितला, म्हणजे सगळ्यांनी ऐकावा. तिनं मान वर केली, पण विळा खाली ठेवला नाही.

"माय आता अर्ध्या ओळीवरच बसते," ती म्हणाली. "दोघीचं मी कापतो. जा तू, बस सुटन तुही."

मी म्हटलं, परीक्षेला तरी ये, फॉर्म मी भरते, अब्बा बोलतील काकांशी. तिनं मूठभर धान धरलं, कापलं, बाजूला ठेवलं, पुन्हा धरलं. ओळ पुढं सरकली तशी तीही सरकली. सदरा खरोखर उत्तम झाला होता. वाकली तरी पाठीत ताणत नव्हता, खांदे जागच्या जागी होते, मनगटाशी बाही घट्ट होती. तिचे हात मी मुद्दाम पाहिले. ते कुठंही चिरलेले नव्हते.