अभी उंदरांतच

आमच्या बुधवारा मोहल्ल्यातला हा कॅन्सरवर काम करणारा शास्त्रज्ञ सुट्टीवर आला की मावा जलेबीच्या दुकानावरच सापडतो. कुणी विचारायचाच अवकाश, हा सुरू: "असं है काका, रोगाशी लढणारे पहारेकरी आपल्याच अंगात असतात. कॅन्सर त्यांना झोपवतो. आमच्या लॅबची अँटिबॉडी त्यांना हलवून उठवते, बस!" मग आवाज खाली आणून म्हणतो, "अभी उंदरांतच हं." हे शेपूट तो कधी विसरत नाही, म्हणून गल्ली त्याला उंदीरवाला डॉक्टर म्हणते.

परवा केमोने केस गेलेली माझी बायको डोक्याला ओढणी गुंडाळून दुकानावर आली. त्याचं ते उंदरांचं ऐकून म्हणाली, "मग काकूला उंदीरच समज ना रे!" सगळे हसले, तीही हसली. त्याने मात्र हातातली जलेबी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी डोकावलो. आई म्हणाली, "सुट्टी बाकी होती, भाऊ. पण पहिल्याच गाडीने लॅबला गेला."