सिद्धम्माचं कन्नड

मुरुमच्या सिद्धम्माला मराठी येत नव्हतं असं नाही. कर्नाटकातल्या आळंदहून लग्न होऊन आली त्याला जन्म लोटला होता. बाजारात ती मराठीत घासाघीस करायची, शेजारणीशी मराठीत भांडायची. पण माया करायची झाली की जीभ आपसूक कन्नडकडे वळे. नात श्रीदेवी तर त्या कन्नडवरच वाढली. सिद्धम्मा चुलीपुढं बसून कडक भाकरी थापायची आणि नात मांडीला मांडी लावून कोल्ह्याच्या, राक्षसाच्या गोष्टी ऐकायची.

श्रीदेवी पाचवीत गेली तरी तिला धड वाचता येईना. फळ्यावरचं उतरवताना अक्षरं गाळायची, वाचताना ओळ सुटायची. पुस्तक हातात घेतलं की घामाघूम व्हायची. गुरुजींनी बापाला, अमरनाथला बोलावून सांगितलं, "घरात कन्नड, शाळेत मराठी. पोरीच्या डोक्यात खिचडी झालीय. कन्नड बंद करा."

अमरनाथनं त्याच संध्याकाळी आईला फर्मान काढलं. "अव्वा, आजपासून श्रीदेवीशी कन्नड बोलू नका. तुमच्यामुळं पोरगी मागं पडलीय."

'तुमच्यामुळं' हा शब्द सिद्धम्माच्या काळजात रुतला. तिनं फर्मान पाळलं. "जेव", "ऊठ", "शाळेत जा" एवढंच नातीशी बोलणं उरलं. मराठीत गोष्ट सांगायला गेली की शब्द अडायचे.

"एक कोल्हा होता. तो... गेला."

"कुठं गेला, अज्जी?"

"गेला तिकडं. झोप आता."

पण फर्मान नातीपुरतं होतं, म्हशीपुरतं नव्हतं. धार काढताना सिद्धम्मा म्हशीला कन्नडमधून अख्खी गोष्ट सांगू लागली, आणि श्रीदेवी गोठ्याच्या दाराआड शेणाची पाटी घेऊन उभी राहू लागली. दोघींना सगळं ठाऊक होतं, दोघी त्यावर अवाक्षर काढत नव्हत्या. लिंगपूजेला बसली की मात्र सिद्धम्मा स्वतःच्या गालावर मारून घ्यायची. आपल्या हातानं पोरीचं नुकसान करतोय, असं तिला वाटायचं.

एवढं करून वाचन जिथल्या तिथंच. दिवाळीनंतर तालुक्याहून राजेश्वरी मॅडम शाळेत आल्या. शिकताना अडणाऱ्या मुलांसाठी नेमलेल्या त्या शिक्षिका. श्रीदेवीला बराच वेळ तपासून त्या थेट घरी आल्या. ओट्यावर श्रीदेवीचा धाकटा भाऊ, तिसरीतला नंदीश, जुनं वर्तमानपत्र मोठमोठ्यानं वाचत बसला होता.

"हा कुणापाशी वाढला?" मॅडमनी विचारलं.

"ह्याच अज्जीपाशी," अमरनाथ म्हणाला.

"म्हणजे कन्नडवरच. मग याचं काही बिघडलं नाही, ते हिचंच कसं बिघडेल?"

मॅडमनी समजावून सांगितलं. पोरीची बुद्धी तल्लख आहे, पण अक्षर आणि आवाज यांची सांगड तिच्या मेंदूत सहजी बसत नाही. काही मुलांचं असं असतं. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. तो आळस नव्हे. मोठी तपासणी सोलापूरला करून घेऊ, वेगळ्या पद्धतीनं शिकवू, पुढं परीक्षेत जादा वेळही मिळेल. "ऐकलेलं तिला छान समजतं. घरात भरपूर बोला तिच्याशी, कुठल्याही भाषेत."

"पण असलं नाव चिकटलं तर उद्या सोयरीक कोण करंल?" अमरनाथनं विचारलं.

"आत्ता 'ढ' चिकटलंय ते चालतं का तुम्हाला?"

दाराशी उभी असलेली सिद्धम्मा पुढं आली. "मॅडम, खरं सांगा. माझ्या बोलन्यानं न्हाय ना झालं हे?"

"नाही, अज्जी. मुळीच नाही."

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

अमरनाथ खाली मान घालून म्हणाला, "अव्वा, चुकलं माझं."

"तुलाबी कुठं वाचाया येत व्हतं रं? मास्तर रोज झोडायचा. म्हणून म्या तुझ्याशी बोलनं बंद केलं व्हतं का?"

मग ती वळली. श्रीदेवीच्या वेण्या सुटून लोंबत होत्या. "बा इल्ली, कूडु," म्हणत तिनं नातीला ओढून पुढ्यात बसवलं आणि कन्नडचा धबधबाच सुटला. केसांचा गुंता, मळलेले पाय, अर्धवट टाकलेलं ताट, सगळं त्यात आलं. श्रीदेवी रडत होती, हसत होती आणि मधूनच तोडीस तोड कन्नडमध्ये उत्तरंही देत होती.

मॅडमना कन्नड येत नव्हतं. त्या घाबरून अमरनाथला म्हणाल्या, "काय म्हणताहेत अज्जी?"

"शिव्या घालतायत," अमरनाथ म्हणाला. "घालू द्या, लई दिवसांच्या साठल्यात."