सहावी वाटी

चहा ओता आधी. आणि हसायचं ते शेवटी, मध्ये नाही. कारण मी आता सांगणार आहे की व्हिएतनाममधल्या एका नऊ मजली हॉटेलातून मी झाडून सगळ्या माणसांना सुखरूप बाहेर काढलं. हे शंभर टक्के खरं आहे. तरीही आमच्या पनवेलच्या सोसायटीत माझा सत्कार झालेला नाही. का नाही, तोच तर किस्सा आहे!

मी रसायनीच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी खात्यात होतो. जन्मभर लोकांना एकच प्रश्न विचारला, "आग लागली तर कुठून पळाल?" लग्नाच्या हॉलमध्येही मी आधी बाहेर पडायचा दरवाजा शोधतो, मग नवरानवरी. अशा माणसाला परदेश म्हटल्यावर काय दिसणार? पाण्यातून जुलाब, डासातून डेंगी आणि भलत्या बाजूने अंगावर येणाऱ्या गाड्या. सुलभा, म्हणजे आमची सौ., दरवर्षी म्हणायची, "एकदा त्या समुद्रातल्या डोंगरांमधून बोटीने फिरायचंय हो." आणि मी दरवर्षी नवा रोग काढायचो.

शेवटी सोसायटीतली सतरा माणसं निघाली. सुलभा म्हणाली, "तुम्ही बसा घरी, सुरक्षित. मी चालले."

मग काय? गेलो मुकाट्याने. पण जाताना ग्रुपचा सेफ्टी कॅप्टन झालो. कोणी केलं? मीच केलं. गळ्यात कंपनीतली शिट्टी अडकवली आणि सूचना द्यायला लागलो. पाणी सीलबंदच प्यायचं. दातसुद्धा त्याच पाण्याने घासायचे. पासपोर्टची झेरॉक्स वेगळ्या बॅगेत. कापलेली फळं नकोत, बर्फ नको.

बर्फावरून हसुरामशेठशी रोज खटका. हे मूळचे उलव्याचे. विमानतळात जमीन गेली आणि त्यांनी आमच्याच खालच्या मजल्यावर फ्लॅट घेतला.

"विलासराव, या नारलाच्या पान्यात बरफ टाकलाय त्यांनी. पिऊ का नको?"

"अजिबात नको! बर्फ कुठल्या पाण्याचा, माहीत आहे?"

"मना नाय म्हाईत. पन आता अर्धा पिऊन झालाय."

असा ग्रुप! यांना जिवंत परत न्यायचं म्हणजे खायचं काम नव्हतं.

हॉटेलात शिरल्या शिरल्या मी छतावरचे स्मोक डिटेक्टर तपासले. दिवा लुकलुकत होता, म्हणजे चालू. समाधान वाटलं. मग मॅनेजरबाईंना गाठून विचारलं, जिना कुठे, बाहेर जमायची जागा कुठली. बाई इतक्या खूश झाल्या की त्या दिवसापासून येता-जाता "गुड मॉर्निंग, मिस्टर विलास!"

राहिले डास. आता पनवेलकराला डास काय ते शिकवू नका. आमच्याकडे खाडीचे डास पिढ्यान्‌पिढ्या चावताहेत, आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या एकच इलाज आहे. धुरी! नारळाची शेंडी, वाळलेला कडुलिंब, ओवा, लसणीची सालं. सगळं पुडीत बांधून नेलं होतं. काडेपेटी तेवढी तिथे विकत घेतली, कारण विमानात काडेपेटी नेता येत नाही. नियम म्हणजे नियम.

बोटीच्या दिवशी सकाळी मी विचार केला, डेंगीचा डास चावतो दिवसा. मग धुरी आत्ताच व्हायला हवी. सुलभाच्या डब्यांतली स्टीलची वाटी घेतली, धुरी पेटवली. आणि एकट्याच्या खोलीत कशाला? आमची सगळी माणसं पाचव्या मजल्यावरच होती. म्हटलं, सर्वांना लाभ होऊ दे. वाटी नेऊन कॉरिडॉरच्या टोकाला, मोठ्या कुंडीच्या मागे ठेवली आणि नवव्या मजल्यावर नाश्त्याला गेलो.

दोन घास खाल्ले नाहीत तोच अलार्म!

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या नाही आलं. माझ्या डोक्यात एकच, ज्या क्षणासाठी आपण नोकरी केली तो आला! शिट्टी फुंकली. "लिफ्ट नाही! जिना! रांगेत! सामान राहू दे!" जपानी, कोरियन, कोण कोण माझ्या मागे. हसुरामशेठच्या हातात उकडलेलं अंडं होतं, तेही टाकायला लावलं. पाचव्या मजल्याशी मला ओव्याचा वास आला. मनात म्हटलं, बघा, संकटात माणसाला घर आठवतं.

खाली सगळे सुखरूप. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. हसुरामशेठ म्हणाले, "विलासराव, तुमी नस्ता तर आमी भाजलो असतो." खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सुलभाही माझ्याकडे बघत होती, लग्नात बघितलं होतं तशी.

तेवढ्यात अग्निशमनवाला बाहेर आला. त्याच्या चिमट्यात काहीतरी काळं, धुरकट.

वाटी!

माझीच हो. पण चेहऱ्यावर काही नाही, सेफ्टीचं ट्रेनिंग.

मॅनेजरबाईंनी काजळी पुसली. वाटीवर अक्षरं! आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत कोणी काढली, देव जाणे. बाई म्हणाल्या, हे कोणाचं ते कळेपर्यंत एकही बस हलणार नाही. आणि वाचायला वाटी कोणाकडे दिली? बरोबर!

"मिस्टर विलास, यू हेल्प. व्हॉट इज रिटन?"

वाटीवर लिहिलं होतं, "चि. सौ. कां. सुलभा व चि. विलास यांस सप्रेम भेट. मामा, आपटा." आपटा म्हणजे रसायनीजवळचं गाव.

मी वाटी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. म्हटलं, "व्हेरी ओल्ड लँग्वेज. नॉट पॉसिबल."

बाईंनी ती हसुरामशेठना दिली. त्यांनी वाचली. माझ्याकडे बघितलं. परत वाचली. मग म्हणाले, "नो चष्मा, मॅडम." चष्मा नाकावर होता!

पुढच्या माणसाने मान हलवली, त्याच्या पुढचीनेही. सोसायटीत पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं मिनिटाभरात एकजात निरक्षर झाली. माझ्यासाठी! बाईंनी हात टेकले. ठीक आहे, म्हणाल्या, बस सोडा. सुटलो! अग्निशमनवाल्याने वाटी कचऱ्याच्या डब्यावर धरली.

"ओ दादा! थांबा!"

सुलभा. धावत गेली, वाटी हिसकावली आणि ओढणीने पुसायला लागली.

"अगं, राहू दे," मी दात आवळून म्हटलं.

"राहू दे काय? सहाचा सेट आहे माझा! माझ्या मामाने दिलेला! पाचच वाट्या घेऊन घरी जाऊ?" आणि बाईंना पटावं म्हणून तिने एकेका अक्षरावर बोट ठेवलं. "धिस, सुलभा. मी. धिस, विलास." आणि बोट माझ्याकडे. "हे!"

बस गेली. सतरा जण बोटीवर गेले, सुलभाही. जाताना तिने माझ्या गळ्यातली शिट्टी काढून हसुरामशेठच्या गळ्यात घातली. मी मात्र दिवसभर लॉबीत, मॅनेजरबाईंच्या नजरेसमोर. हातात सीलबंद पाणी, जवळपास डास नाही, आणि समोर बाहेर पडायचा दरवाजा. सबंध व्हिएतनाममध्ये त्या दिवशी माझ्याइतकं सुरक्षित कोणी नसेल.

त्या वाटीच्या बुडाचा काळा डाग काही केल्या निघत नाही. सुलभाने ती माझ्यासाठी राखून ठेवली आहे. खीर असो, आमरस असो, माझ्या ताटात तीच.

परवा हसुरामशेठ जेवायला आले होते. त्यांनी माझी वाटी उचलली, नाकावरचा चष्मा सारखा केला आणि सगळ्या पंगतीला एका दमात खणखणीत वाचून दाखवली. अगदी "मामा, आपटा"पर्यंत.