साचा देऊन बसलेली डॉक्टरीण

कॅनडातल्या एका प्रोफेसराने रोह्याच्या एका मुलीला फसवलं. माझं त्यात काही गेलं नाही. तरी चिडलोय मी, कारण तिला चिडताच येत नाही. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, बाजारात भाव न विचारता पिशवी पुढे करणारी.

आमच्या जोहे गावात माझ्या गणपतीच्या कारखान्यात ती पहिल्यांदा आली ती प्लास्टिकची नळी घेऊन. एकेका कारागिराच्या तोंडाला नळी लावायची आणि म्हणायची, "फुंका. मनापासून फुंका." धुळीने, रंगाने कोणाची छाती किती खराब झाली, ते मोजत होती. मला वाटलं, कारखाना बंद करायला आली.

"आमचा एकही माणूस खोकत नाय," मी ठणकावलं आणि तिथेच मला ढास लागली.

"काका, मत नको, आकडा द्या," म्हणत तिने नळी माझ्याच तोंडात घातली.

तिची पीएच.डी. झाली होती. कारागिरांचा श्वास आणि मोबाईलवर घेतलेला खोकला कॉम्प्युटरला शिकवायचा आणि दमा कोणाला होणार ते आधीच ओळखायचं, हे तिचं काम. त्यावर तिला कॅनडातल्या विद्यापीठात पोस्टडॉक करायचं होतं.

"म्हणजे डॉक्टर झाल्यावर परत उमेदवारी? वर त्यांच्या पाया पडायचं?"

"पाया नाय पडायचं, काका. मेल करायचा. तेच ते."

एक प्रोफेसर व्हिडिओ कॉलवर गोड बोलला. जागा निघतेय, मॉडेल पाठव, नुसतं बघतो. तिने पाठवलं आणि पेढे घेऊन माझ्याकडे आली.

"मॉडेल म्हणजे काय गो?"

"तुमचा साचा असतो ना, तसंच."

हातातला पेढा मी परत पुड्यात ठेवला. जोह्यात सख्खा भाऊ मागायला आला तरी कोणी साचा देत नाही.

"मूर्ती दाखवायची, बाय! साचा दिलास? जागा पक्की व्हायच्या आधी?"

"शिकलेली माणसं हायत ती, काका."

"म्हणून तर!" मी ओरडलो.

जागा दुसऱ्याच कोणाला मिळाली. काही महिन्यांनी तिने मला त्या विद्यापीठाचं पान मोबाईलवर दाखवलं. नवा प्रकल्प: मूर्तिकारांचा दमा ओळखणारं मॉडेल. तिचं नाव कुठेच नाही. पण कामगारांचे गट पाडलेले, आणि एका गटाचं नाव इंग्रजी अक्षरांत 'आखणी'. मूर्तीचे डोळे रेखण्याला आम्ही आखणी म्हणतो. गाढवांना तो शब्द पुसायचंही सुचलं नाही.

"भांड त्यांच्याशी!"

"काय भांडू? त्यांचे सगळे मेल नम्र हायत." ती हसली आणि उगाचच मोबाईलची काच पुसत बसली.

आता ती बंगळुरूला विमा कंपनीत आहे. ज्याची छाती खराब, त्याचा हप्ता वाढवते. इथे कारागीर विचारतात, "डॉक्टरीण येनार नाय काय? आमच्या खोकल्याचं काय ठरलं?"

ते मला काय माहीत? ज्याच्याकडे साचा गेला, त्याला विचारा.

तर प्रोफेसरसाहेब, तुमच्या बर्फात गणपतीचे डोळे आखणारी एक बाई दाखवा. नाही ना दाखवता येत? मग त्या पानावर हिचं नाव लिहा. आणि हिची जागा दुसऱ्याला का दिलीत, याचं उत्तर हिला देऊ नका, ही ऐकून घेईल. मला द्या.