त्या बाईचा आवाज

माझ्या मायचं जगातल्या सगळ्या माणसांबद्दल ठाम मत असायचं. कोणाची सून कामचुकार, कोणाचा पोरगा पुढं जाणार, कोण तोंडावर गोड आणि पाठीमागे कडू, हे ती मांडीवरच्या सुपातून नजर न उचलता सांगायची आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं. स्वतःबद्दलही तिचं मत होतं आणि तेही तितकंच पक्कं होतं: गोंदियातल्या आमच्या वस्तीत तिच्यासारखी गाणारी दुसरी बाई नाही.

एकेकाळी ते खरंही होतं. जयंती म्हटलं की आमच्याकडे एकच, चौदा एप्रिलची. त्या सकाळी विहारात वंदना झाली की बायका गाणी म्हणायच्या आणि माईकसमोर माय असायची. पांढरं पातळ, डोक्यावर पदर, एक हात कानाशी. गाणीही बायकांनीच जोडलेली असत, आमच्या अंगणातल्या टिनाच्या शेडखाली बिड्या वळता वळता. दुपारी सात-आठ जणी सुपं घेऊन बसायच्या. पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. हातही चालू आणि तोंडही. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं जोडायची, मायनं ती चालीत बसवायची. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसल्यामुळे नुसत्या खोकल्यावरून फाटकाशी कोण आलं ते त्यांना कळायचं. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

दोन हजार साल उलटून थोडी वर्षं झाली होती. माझं बी.ए. झालं होतं, नोकरी नव्हती, आणि मी घरी बसून सगळ्यांना न्याय शिकवत होते. मायचा आवाज तोवर बदलला होता. तंबाखूची धूळ म्हणा, वय म्हणा, वर चढला की तो फाटायचा. फाटू नये म्हणून ती नाकातून गायची आणि ओळीचा शेवट इतका लांबवायची की मागच्या बायका तोंड उघडं ठेवून थांबायच्या. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तिला सोडून.

त्याच वर्षी वस्तीत देवरीकडची एक नवी सून आली. बिड्या तिला अजून नीट जमत नव्हत्या, पण ती गायला लागली की शेडखालचे हात थांबायचे. यंदा माईकवर हिलाच उभं करावं, अशी कुजबुज सुरू झाली. पण मायला सांगणार कोण? समोरच्या घरातली काकू, मायची सगळ्यात जुनी मैत्रीण, मला म्हणाली, "तूच सांग वो, तू शिकलेली आहेस." जसं काही बी.ए.ला मला तेच शिकवलं होतं.

मला मात्र एक युक्ती सुचली आणि ती फार आवडली. प्रत्येकीनं आतल्या खोलीत एकटीनं जाऊन एकच कडवं टेपवर म्हणायचं. मग मी क्रम उलटासुलटा करून ते दुसऱ्या कॅसेटवर उतरवणार. नाव सांगायचं नाही. नुसता आवाज ऐकायचा आणि जो जास्त जणींना आवडेल तो माईकवर. नातं नाही, मान नाही, वय नाही. याहून न्यायाची गोष्ट असूच शकत नाही, असं मला वाटलं. माय तर खूश झाली.

"घ्या ना परीक्षा," ती म्हणाली. "मले कायचा भेव?"

बाजारातल्या एका दुकानदाराकडे दोन कॅसेटचा टेप होता. त्यानं आवाज उतरवून दिले आणि कॅसेट हातात देताना म्हणाला, "दीदी, इसमें अपनी खुद की आवाज किसी को पसंद नहीं आती." मी त्याच्याकडे फार लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडखाली टेप लावला. पहिली ओळ पुरी व्हायच्या आत सगळ्या जणी कोपऱ्यातल्या बाईकडे बघून हसायला लागल्या. आवाज तिचाच होता. माझ्या न्यायाची हवा तिथंच निघाली. खोकला ओळखणाऱ्या बायकांना आवाज ओळखू येणार नाही, हे मी कशाच्या जोरावर धरून चालले होते कोण जाणे. ती बाई मात्र गोंधळून सगळ्यांची तोंडं पाहत होती.

दुसरा आवाज काकूचा होता. काकूनं मान तिरपी करून ऐकला आणि म्हणाली, "हे कोन होय वो? बरी गाते, पन घाबरून राहिली." मग जो हशा झाला, त्यात माय सगळ्यात पुढं. "सोताचाच आवाज ओरखत नाही ही बाई," म्हणत तिनं डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं.

त्यानंतर तिचा आवाज आला.

मायनं दोन ओळी ऐकल्या आणि तोंड वाकडं केलं. "ही कोन? नाकातून गाऊन राहिली." टेपवर ओळ लांबत गेली. "आन शेवट किती ओढते पाहा. हिले वाटते का आपल्याबिगर जयंतीच होत नाही. हिले माईकपासून दूरच ठेवा बाप्पा."

सगळ्यांचे हात एकदम जोरात चालायला लागले. काकू तर रिकामंच पान वळत बसली. टेप थांबवावा असं मला वाटलं, पण थांबवला असता तर का थांबवला ते सांगावं लागलं असतं. पुढं नव्या सुनेचा आवाज आला. मायनं पूर्ण कडवं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हा आवाज आहे." आणखी एक-दोन आवाज झाले. मग नुसती खरखर सुरू झाली.

माय वाट बघत होती. पान हातात तसंच.

"माहा कुठी आहे?" तिनं मला विचारलं. "भरला नाही काय?"

"नीट उतरला नसेल, माय," मी म्हणाले. खोटं बोलताना मी टेपच्या बटणांकडे बघत होते आणि तिनं मला लहानपणापासून पाहिलेलं होतं. तिनं एकेकीकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली. मग तिनं हातातल्या पानात तंबाखू भरली, बिडी वळली, दोरा बांधला, सुपात ठेवली.

"सूनबाईले उभी करा," ती म्हणाली. "मी सांगतलं ना, हा आवाज आहे."

पुढं कितीतरी दिवस मला त्या परीक्षेचा राग येत होता. सगळ्या जणींना सगळ्यांचे आवाज ठाऊक; कसली परीक्षा आणि कसला न्याय. मग हळूहळू लक्षात आलं, की प्रत्येक आवाजाला एक तरी निष्पक्ष ऐकणारी मिळाली होती: जिचा तो आवाज होता, ती. बाकीच्यांच्या कानात माया होती, हेवा होता, शेजार होता. मायच्या आवाजाबद्दल त्या दुपारी खरं बोललं ते एकट्या मायनं, आणि तेही गाणारी माय आहे हे तिला ठाऊक नव्हतं म्हणून. आता मोबाईलमधून माझाच आवाज ऐकू आला की मीही दचकते. कोणीतरी ताठ्याची बाई बोलतेय असं क्षणभर वाटतं. मग ओळख पटते, आणि लगेच वाटतं, तेवढी काही ताठ्याची नाही.

जयंतीच्या सकाळी देवरीची सून माईकसमोर उभी राहिली. माय दुसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होती. ती हळू गात होती आणि ओळ संपली की सगळ्यांबरोबर थांबत होती. मला ते बघवलं नाही. मी झेंडे लावलेल्या खांबाकडे बघत राहिले.

नंतर एका दुपारी शेडखाली आम्ही दोघीच होतो. माय म्हणाली, "तो टेप लाव. तिचाच लाव." कोणाचा, हे मी विचारलं नाही. कॅसेट मागे-पुढे करून मी ते कडवं शोधलं. तिनं ते हात थांबवून ऐकलं. मग पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तोच नाकातला आवाज, पुन्हा तीच लांबलेली ओळ.

"कसा वाटते, माय?" मी विचारलं.

जगातल्या प्रत्येकाबद्दल मत असलेल्या माझ्या मायनं सुपातलं एक पान उचललं आणि तसंच परत ठेवलं.

"मले नको इचारू," ती म्हणाली. "आता तिची ओरख झाली."