श्री लिहिलेली मतपत्रिका

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या गणिताच्या बाईंचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. तालुक्याच्या शाळेतल्या या बाई संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर बसवून शिकवत राहिल्या, म्हणून मी इंजिनीअर झालो. निवडणुकीच्या ड्यूटीवरून त्या दमून परत यायच्या. आम्ही विचारायचो, "बाई, कोण येणार निवडून?"

"मी मतं घ्यायला गेले होते, वाचायला नाही. वह्या काढा."

मतदार ओळखू येईल अशी खूण कागदावर दिसली की मत बाद, हेही त्यांनीच एकदा सांगितलं होतं.

आता मी परदेशात राहतो. इथे सार्वत्रिक निवडणुकीत मत कागदावर देतात आणि मोजतातही हातानेच. गेल्या खेपेला मी मतदान केंद्रावरच्या कामासाठी नाव दिलं. बाईंनी केलं ते आपणही एकदा करावं, एवढंच मनात होतं. बॉटनी डाउन्स या आमच्या उपनगरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी मतपत्रिका देत होतो. दुपारी आमच्या मराठी मंडळातल्या एक आजी शाळकरी नातीला घेऊन आल्या.

"आजी, जस्ट टिक इट. हीप्स ईझी, एकदम सोपं आहे," नात म्हणाली.

"गप गं. इथे पहिल्यांदा देतेय, माझं मी करीन." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तू रे, नीट मोजशील ना? तिकडे यंत्र तरी वाजायचं. इथे माझं मत पोचलं, हे कळायचं कसं?"

"नीट मोजू, आजी."

संध्याकाळी दारं बंद झाली. पेट्या टेबलांवर रिकाम्या केल्या, आणि घड्या उलगडत आम्ही पक्षांप्रमाणे गठ्ठे लावू लागलो. पक्षांचे निरीक्षक समोर बसून पाहत होते. एक कागद उलगडला आणि माझा हात थांबला. अगदी वर, मधोमध, पेनाने सुबक लिहिलं होतं: श्री. खाली स्वच्छ टिक.

त्या हॉलमध्ये दिवसभरात मत द्यायला मराठी माणूस आलं होतं ते एकच. आजींनी कोणाला मत दिलं, हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नसेल. मला कळलं होतं. वर ते मत आता बादही होणार होतं. हे यंत्राने मोजलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं. यंत्राने आजींना ओळखलं नसतं.

केंद्रप्रमुख जवळ आल्या. निवृत्त नर्स होत्या, नजर तीक्ष्ण. "हे काय? सही आहे?"

गप्प राहिलो तर मत जाणार. सगळं सांगितलं तर आजी उघड्या पडणार.

"सही नाही, नावही नाही. आमच्याकडे कोऱ्या कागदावर लिहायच्या आधी बरेच जण हे लिहितात."

"तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा."

त्यांनी नियमांची पुस्तिका चाळली, कागद निरीक्षकांना दाखवला.

"कोणाला मत द्यायचंय ते स्पष्ट आहे. धरा."

मत गठ्ठ्यात गेलं, पण माझ्या डोक्यातून गेलं नाही. मंडळाच्या दिवाळीत आजींनी मला गाठलंच. "मोजलंस ना माझं?"

"सगळ्यांची मोजली, आजी."

"मग चेहरा का पाडलायस? माझा माणूस आपटला वाटतं!"

"मला काय माहीत तुमचा माणूस कोण!" मी हसून म्हणालो. हसणं जमलं की नाही, कोण जाणे. त्या रात्री मी बाईंना पत्र लिहिलं.

श्री

बाईंना साष्टांग नमस्कार.

एका मताबद्दल लिहितोय. कोणाचं आणि कोणाला, ते लिहिणार नाही. त्यावर खूण होती, तरी इथे ते धरलं. तुम्हाला बरं वाटेल म्हणून आधी हे कळवतो. पण बाई, मी ते वाचलं. ती व्यक्ती मला दर सणाला भेटते आणि मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही. तुम्ही आजवर जे शिकवलंत ते लक्षात ठेवायचंच होतं. हे विसरायचं आहे. तुमच्यावर असा प्रसंग कधी आला होता का? आला असेल तर काय केलंत, तेवढं कळवा.

तुमचा विद्यार्थी